अमिश कादंबऱ्यांमधलं 'सोयीचं लग्न' खरंच होतं का? (कथेसाठी मदत हवी आहे)

ऋतुगंध

नमस्कार मंडळी,

दोन वर्षांपूर्वी आई आजारी होती, तेव्हा रात्र-रात्र तिच्या उशाशी बसून काढावी लागायची. डोकं शिणलेलं असायचं, जड काही वाचवत नव्हतं. एका मैत्रिणीने टॅबलेटमध्ये चार-पाच अमिश प्रेमकथा (अमिश म्हणजे अमेरिकेतला जुन्या पद्धतीने राहणारा एक ख्रिस्ती पंथ) घालून दिल्या आणि तेव्हापासून गोडी लागली. आई आता बरी आहे, पण माझं वाचन थांबलेलं नाही.

त्यातही मला सगळ्यात जवळच्या वाटतात त्या सोयीच्या लग्नाच्या गोष्टी. विधुर शेतकरी, आईविना पोरं, कुठून तरी आलेली एक मुलगी, आणि प्रेमाबिमाचा विचारही न करता दोघांनी केलेलं लग्न. इतर प्रेमकथा लग्नापाशी संपतात, या तिथून सुरू होतात. पुढची दोनशे पानं दोन माणसं एकाच स्वयंपाकघरात वावरत एकमेकांना ओळखायला शिकतात. कोण किती वाजता उठतं, कोण रागावलं की गप्प होतं, कुणाला पावाची कड आवडते. मला हे फार खरं वाटतं.

आता मी स्वतः अशी एक दीर्घकथा मराठीत लिहायला घेतली आहे. पेनसिल्व्हेनियातली लँकेस्टर काउंटी. चौतीस वर्षांचा विधुर, दुभत्या गायींचं शेत, तीन मुलं. इंडियानातल्या लाग्रेंज काउंटीतून सत्तावीस वर्षांची एक मुलगी त्याच्याकडे 'मॉड' म्हणून येते, म्हणजे घरकामाला आणि मुलं सांभाळायला. लोक बोलायला लागतात. बिशप येऊन सांगतो, दोन आठवड्यांत लग्न करा, नाहीतर मुलीने परत जावं. ते लग्न करतात. त्याच संध्याकाळी ती आपली पेटी घेऊन वरच्या खोलीत जाते आणि तो खाली झोपतो.

इथवर लिहिलं आणि अडले. मी जे लिहितेय ते अमिश आहे, की दहा कादंबऱ्यांवरून उचललेली अकरावी आहे, हेच कळेना. बिशप असं सांगू शकतो का? अशी लग्नं तिथे खरंच होतात का? कुणी त्या भागात राहिलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. चुका दाखवल्यात तर बरंच वाटेल.

पानवेल

विषय माझ्या आवडीचा आहे. मी या कादंबऱ्या बऱ्याच वाचल्या आहेत, तेव्हा निदान पुस्तकांपुरतं सांगतो.

अमिश लोकांवरच्या कादंबऱ्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहेत, पण आज दुकानांत जी रांग दिसते ती 1997 नंतरची. त्या वर्षी लँकेस्टरमधल्या बहिष्काराभोवती रचलेली एक कादंबरी अमेरिकेत अफाट खपली आणि ख्रिस्ती प्रकाशकांना हा वाचक सापडला. त्याच वर्षी प्रेमकथा छापणाऱ्या हार्लेक्विन प्रकाशनाने 'लव्ह इन्स्पायर्ड' ही सोज्वळ, श्रद्धेची बैठक असलेल्या प्रेमकथांची मालिका सुरू केली. पुढे त्यात अमिश कथा भरपूर आल्या. सोयीचं लग्न हा साचा मात्र अमिश नाही. तो पश्चिमेकडच्या वसाहतींच्या आणि जाहिरातीवरून बोलावलेल्या वधूंच्या कथांमधून इकडे आला. घोडागाडी, कंदील आणि शेत आधीच तयार असल्यामुळे तो इथे सहज बसला.

एक गोष्ट लिहिताना जपा. या कादंबऱ्या लिहिणारे बहुतेक लेखक अमिश नाहीत आणि वाचकही प्रामुख्याने इव्हँजेलिकल, म्हणजे दुसऱ्याच वळणाच्या प्रोटेस्टंट, बायका. त्यामुळे नायिका उठता-बसता देवाशी मोकळेपणी बोलते आणि शेवटी 'मला देवाने वाचवलं' अशी तिची खात्री पटते. जुन्या वळणाचा अमिश माणूस स्वतःबद्दल असं ठामपणे म्हणणार नाही. त्याला तो गर्व वाटतो. तो आशा आहे म्हणेल आणि तेवढ्यावर थांबेल. जेवणाआधी आणि जेवणानंतर सगळे मान खाली घालून मुकाट्याने प्रार्थना करतात. तुमच्या नायिकेला पानभर स्वगत प्रार्थना दिली असेल तर काढून टाका.

व्हॅनवाली

ऋतुगंध, तू माझ्या मुलीच्या वयाची असशील असं धरून एकेरीत लिहिते.

मी लँकेस्टर काउंटीत तेवीस वर्षं राहते आणि नोकरी सुटल्यापासून, म्हणजे सात वर्षं, अमिश कुटुंबांसाठी गाडी चालवते. त्यांना स्वतःची मोटार ठेवता येत नाही, पण दुसऱ्याच्या मोटारीत बसायला हरकत नसते. म्हणून इथे माझ्यासारखे बरेच जण मैलाप्रमाणे पैसे घेऊन त्यांना दवाखान्यात, लग्नांना, मयतांना, लांबच्या नातेवाइकांकडे नेतात. सात वर्षांत व्हॅनच्या मागच्या बाकांवर जे ऐकलं आणि पाहिलं त्यातलं, कुणाची ओळख पटणार नाही असं, सांगते.

आधी तुझा बिशप. अमिश बिशप लग्न लावतो, जुळवत नाही. तरुण मुलं-मुली सोळाव्या वर्षापासून रविवारी संध्याकाळी गाण्यांना जमतात, तिथे ओळखी होतात, आणि कुणाशी लग्न करायचं ते ज्याचं तोच ठरवतो. आईवडीलही फारसे मध्ये पडत नाहीत. बिशप हा पगारी धर्मगुरू नसतो. तोही शेतकरी किंवा सुतार, चिठ्ठी टाकून निवडलेला. गीतांच्या पुस्तकांच्या थप्पीतल्या एकात कागदाचा तुकडा असतो, ज्याने ते पुस्तक उचललं त्याच्यावर मंडळीच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या, सेवेची आयुष्यभराची जबाबदारी येते. असा माणूस 'दोन आठवड्यांत लग्न करा' असं फर्मावणार नाही. लोक बोलू लागले तर तो डीकनला (मंडळीतल्या दुसऱ्या सेवकाला) घेऊन येईल, ओट्यावर बसेल, बराच वेळ हवेपाण्याबद्दल बोलेल आणि मग म्हणेल, मुलीने रात्री इथे राहू नये.

त्यावर उपाय तुझ्याच शेतावर आहे. डॉडी हाउस! म्हातारे आईवडील कारभार मुलाकडे देऊन मूळ घराला जोडून बांधलेल्या छोट्या घरात राहायला जातात. लँकेस्टरमधल्या शेतावर ते नसेल असं क्वचित. मुलगी आजीआजोबांकडे झोपेल, पहाटे दूध काढायच्या वेळी इकडे येईल, आणि बिशपचा प्रश्न मिटला. म्हणजे तुझ्या कथेचा खांबच निखळला. वाईट वाटून घेऊ नकोस, बऱ्याच छापील कादंबऱ्यांचाही तिथेच निखळतो.

दुसरं, बायको गेली म्हणून त्या माणसाची चूल बंद पडत नाही. पहिले काही महिने तर घरात माणसंच माणसं असतात. बहिणी, भाच्या, शेजारणी, मंडळीतल्या बायका. कुणी धुणं नेतं, कुणी उन्हाळ्यात बरण्या भरून देतं. त्यांच्यात सरकारी पेन्शनही नाही आणि बाजारातला विमाही सहसा नाही, म्हणून एकमेकांना धरून राहणं हाच त्यांचा विमा. 'मुलांना कोण जेवू घालणार' म्हणून लग्न, हे कारण अमिश घरात लुळं पडतं.

पण दोन वर्षांनी काय होतं ते मी पाहिलंय. मदत करणाऱ्यांना आपापली घरं असतात. एकदा एक विधुर त्याच्या पाच-सहा वर्षांच्या मुलीला घेऊन दाताच्या डॉक्टरकडे चालला होता. लहान मुलींचे केस ओले करून, कपाळापासून घट्ट पिळत मागे नेऊन बांधतात, एक बट सुटत नाही. त्याने बांधले होते, पण एका बाजूचा पीळ सैल होऊन कानावर आला होता आणि भांग वाकडा होता. पोर तो कान हाताने झाकून बसली होती. मागच्या बाकावर दुसऱ्या कुटुंबातली एक बाई होती. ती काही बोलली नाही. पर्समधून कंगवा आणि पाण्याची बाटली काढली, मुलीला आपल्यापुढे ओढलं, आणि न्यू हॉलंडपासून लँकेस्टर शहर येईपर्यंत केस सोडून पुन्हा बांधून दिले. वडील सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होते. उतरताना त्यांनी तिला नुसती मान लववली. सोयीच्या लग्नाचं कारण शोधायचं तर मी तिथे शोधेन. तीन वेळचं जेवण मंडळी पुरवते. रोज सकाळी तो भांग सरळ काढणारं माणूस घरचं लागतं.

अशी लग्नं होतात का? होतात, पण फर्मानाने नाही, आणि बहुतेक वेळा दुसरेपणाची. विधवा आणि विधुर पुन्हा लग्न करतातच. त्यांचं जमणंही वेगळं असतं, त्यात गाण्यांच्या रात्री नसतात. त्यांच्यात चक्री पत्रांची पद्धत आहे. एकाच दुःखातल्या बायका, समजा वेगवेगळ्या राज्यांतल्या दहा-बारा विधवा, पत्रांचं एक जाड पाकीट आपसात फिरवतात. पाकीट आपल्याकडे आलं की सगळ्यांची पत्रं वाचायची, आपलं जुनं काढून नवं घालायचं आणि पुढे पाठवायचं. मी ज्यांना नेत असे त्या एका बाई अशाच एका पाकिटात होत्या. चाळिशीच्या आतबाहेर, चार मुलं. पाकिटातल्या दुसऱ्या बाईचा भाऊ इंडियानात विधुर झालेला. एक हिवाळाभर दोघांची पत्रं झाली आणि वसंतात मी त्यांना आणि त्यांच्या बहिणीला तिकडे घेऊन गेले. दिवसभराचा रस्ता.

परतताना त्या पुढे माझ्याजवळ बसल्या. ओहायो ओलांडेपर्यंत गप्प होत्या. मग म्हणाल्या, मी त्यांच्या तळघरात बटाटे आणायला गेले होते. फळीवर पीचच्या बरण्या होत्या, झाकणांवर तारीख घातलेली, तिच्या हातची. तीन वर्षं झाली, त्याने एकही उघडली नाही, एकही दुसऱ्या कुणाला दिली नाही. एवढंच सांगून त्या पुन्हा गप्प झाल्या. मला वाटलं, आता या नाही म्हणणार. त्या वर्षीच लग्न झालं. पुढच्या हिवाळ्यात त्यांचं पत्र आलं, त्यात गायी, बर्फ, मुलांची शाळा असं सगळं होतं, आणि शेवटी एक ओळ: पीचची एक बरणी आम्ही सगळ्यांनी मिळून उघडली.

त्या माणसावर त्यांचं लग्नाच्या दिवशी प्रेम होतं का, मी कधी विचारलं नाही. पण त्या का गेल्या ते मला कळलं.

कोराकागद

मला यातलं एक खटकतं, ते लिहिते. ऋतुगंध, राग मानू नका.

तिथे घटस्फोट नाही. शिक्षण आठवीपर्यंत, तेही 1972 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विस्कॉन्सिन विरुद्ध योडर खटल्यात मान्य केलेलं. मंडळी सोडली तर बहिष्कार. अशा ठिकाणी एखाद्या मुलीने ओळख नसलेल्या माणसाशी सोय म्हणून लग्न केलं आणि ते फसलं, तर ती कुठे जाईल? कादंबरीत नवरा नेहमी आतून मऊ निघतो. नाही निघाला तर? या प्रश्नाला बगल देऊन लिहिलेली गोष्ट कितीही गोड असली तरी मला वाचवत नाही.

व्हॅनवाली

कोराकागद, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि ऋतुगंधने तो कथेतून बाहेर ठेवू नये असं मलाही वाटतं. दार खरंच बंद होतं. अमिश मंडळीत मोठेपणी, समजून-उमजून बाप्तिस्मा घेतात आणि तो घेतल्याशिवाय लग्न लागत नाही. बाप्तिस्म्याआधी कुणी निघून गेलं तर त्याला वाळीत टाकत नाहीत, नंतर टाकतात. माझ्या ओळखीत एक बाई आहेत ज्यांचा संसार सुखाचा नाही. मंडळीतल्या बायकांना ठाऊक आहे, त्या येऊन-जाऊन असतात, पण त्या बाई त्याच घरात आहेत. हे मी पाहिलंय, म्हणून गोड करून सांगणार नाही.

पण तुमच्या प्रश्नातूनच ऋतुगंधची नायिका नीट दिसायला लागते. सत्तावीस वर्षांची अविवाहित अमिश मुलगी ही निराधार नसते. अमिश शाळांमधल्या शिक्षिका बहुतेक अशाच असतात, स्वतः आठवी झालेल्या, एका खोलीत आठही इयत्ता सांभाळणाऱ्या. कुणी रजयांचं दुकान चालवते, कुणी बाजारात बेकरीचा ठेला. मंडळीत सेवकपदासाठी नाव सुचवायचा हक्क बायकांनाही पुरुषांइतकाच असतो. म्हणजे या मुलीला लग्नावाचून जगता येतं. तिला परत जायला घर आहे, कदाचित शाळाही आहे. तरी ती 'हो' म्हणते, आणि ते परत घेता येणार नाही हे माहीत असून म्हणते. बिशपने ढकललेली नायिका लिहिलीस तर कोराकागद म्हणतात तेच होईल. स्वतः चालत आलेली लिही.

आता जी गोष्ट मला तुला सगळ्यात आधी सांगायची होती ती. पहिल्या उत्तरात राहून गेली.

गाडी चालवणाऱ्यांनाही कधीकधी लग्नाला बसवून घेतात, मी काही लग्नांना बसले आहे. सकाळी साडेआठच्या सुमारास सुरू होतं ते दुपारपर्यंत चालतं. पाठ नसलेली बाकं, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. मंडळी जुन्या जर्मन पुस्तकातली गीतं संथ लयीत गात असते आणि तेवढ्या वेळात सेवक लोक त्या दोघांना वरच्या खोलीत नेऊन उपदेश करतात. मग ते खाली येतात आणि लांबलचक प्रवचन होतं, तेही अर्धं जर्मन, अर्धं त्यांच्या डाइच बोलीत. मला तुकड्या-तुकड्यानेच समजतं. पण पहिल्या लग्नात शेजारच्या म्हातारीने हळूच सांगितलं की आता इसहाक-रिबेका चाललंय, आणि नंतर, आता तोबियास.

घरी येऊन मी दोन्ही वाचून काढलं. इसहाकाचं लग्न बापाने नोकर पाठवून जमवलेलं. रिबेका उंटावरून येते, दोघांनी एकमेकांना पाहिलेलंही नाही. बायबलमधल्या उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायाच्या शेवटच्या वचनात क्रम असा आहे: त्याने तिला तंबूत आणलं, ती त्याची बायको झाली, आणि त्याने तिच्यावर प्रेम केलं. आधी बायको, मग प्रेम. आणि तोबियासची कथा तर तुझ्या कादंबऱ्यांच्या वरताण! साराचे सात नवरे पहिल्या रात्रीच मेलेले, ती जीवाला कंटाळलेली, आणि हा परगावाहून आलेला पोरगा त्याच दिवशी तिच्याशी लग्न करतो. घाबरलेली दोन अनोळखी माणसं रात्री उठून शेजारी उभं राहून प्रार्थना करतात. तिचा बाप बाहेर जावयासाठी खड्डा खणून ठेवतो, इतकी त्याला खात्री. सकाळी दोघंही जिवंत.

जी मुलं चार-चार वर्षं बग्गीतून फिरून, एकमेकांवर जीव जडवून लग्नाला उभी राहतात, त्यांनाही त्या दिवशी ही कथा ऐकवतात. शपथेतही तेच. आजारपणात, अशक्तपणात सांभाळशील का, प्रेमाने, सहनशीलतेने, धीराने सोबत राहशील का, देवाने वेगळं केल्याशिवाय वेगळे होणार नाही ना, असे प्रश्न. सगळे पुढे करायच्या कामाबद्दलचे. आज मनात काय आहे ते कुणी विचारत नाही. तेव्हा तुझ्या या दोघांना अंगठीवाचून, चुंबनावाचून (दोन्ही नसतंच) त्या शपथा घेताना खोटं बोलावं लागत नाही. हे मला फार मोठं वाटतं. कथेत पहिल्यांदा त्यांचा श्वास मोकळा व्हायला हवा तो तिथे.

आता फुटकळ चुका. विधुराला दाढी असते. लग्न झालं की वाढवायला घेतात आणि बायको गेली म्हणून काढत नाहीत. मिशी मात्र कुणालाच नाही. कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठांवर गुळगुळीत गालांचे विधुर पाहिले की मी पुस्तक परत ठेवते. लँकेस्टरची बग्गी करडी, तुझ्या नायिकेच्या लाग्रेंजची काळी. तिच्या डोक्यावरची काप, म्हणजे टोपी, लँकेस्टरच्या बायकांसारखी मागून हृदयाच्या आकाराची नसेल, रविवारी मंडळीत बसली की सगळ्यांच्या नजरेत भरेल. तिच्याकडे सायकली सर्रास चालतात, लँकेस्टरमध्ये सायकल नाही, पायाने रेटायची स्कूटर. लग्न करून इकडची झाली की हे सगळं बदलावं लागेल. प्रेम नसलेल्या लग्नासाठी ती काय काय सोडते ते या बारीक गोष्टींतून दाखव.

लग्न मंगळवारी किंवा गुरुवारी घे. पहिलेपणाची लग्नं इथे मुख्यतः कापणीनंतर, नोव्हेंबरात, आणि त्या घरच्या बागेत उन्हाळ्यातच लग्नाच्या जेवणासाठी सेलरीचे जादा वाफे दिसतात. दुसरेपणाचं लग्न कधीही होऊ शकतं आणि ते लहान असतं. आणि 'त्याच संध्याकाळी पेटी घेऊन वरच्या खोलीत' हे जपून. नवं जोडपं पहिली रात्र सहसा मुलीच्या माहेरी काढतं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पाहुण्यांची भांडीकुंडी, धुणं आवरू लागतं. तुझ्या दोघांचं पहिलं एकत्र काम तेच होऊ दे.

पानवेल

इसहाक आणि तोबियास! मी इतकी पुस्तकं वाचली, एकातही लग्नातलं प्रवचन नीट आलेलं आठवत नाही. लग्नाचं प्रकरण सगळीकडे नवरीच्या निळ्या कपड्यावर आणि सेलरीवर उरकलेलं असतं. मी वर म्हटलं की हा साचा बाहेरून आला. ते प्रकाशनापुरतं खरं आहे, पण बी त्यांच्या घरात आधीपासून होतं असं आता म्हणावं लागेल.

कोराकागद

शिक्षिकेचा पर्याय सोडून आलेली नायिका असेल तर मी नक्की वाचेन. फक्त एकदा तरी तिला भीती वाटू दे. त्याची नाही, त्या 'परत घेता येणार नाही'ची.

ऋतुगंध

मावशी, काय लिहू! काल रात्री तुमची दोन्ही उत्तरं तीनदा वाचली आणि बिशपचं अख्खं प्रकरण काढून टाकलं. डॉडी हाउस आलं, त्यात सासू आली. नायिका आता लाग्रेंजमध्ये सहा वर्षं शिकवलेली बाई आहे. कोराकागद, भीती आहे. वरच्या खोलीत उपदेश चालू असताना तिला खालून गाणं ऐकू येतं आणि ते संपूच नये असं वाटतं.

पीचच्या बरण्या मी घेणार नाही. त्या त्या बाईंच्या आहेत. वाकडा भांगही तसाच ठेवते. पण तुम्ही सायकल म्हणालात त्यावरून एक प्रसंग सुचला. कच्चा आहे, वाचून सांगा:

"लग्नानंतर दहाव्या दिवशी ती गोठ्यामागच्या छपरात गेली. तिची सायकल भिंतीला टेकवलेली असायची. भावाने इंडियानाहून येताना आणली होती, परत न्यायची राहून गेली होती. आज तिथे नुसती सायकल होती, पुढची टोपली नव्हती. स्क्रू काढल्याच्या जागी गंज खरवडलेला दिसत होता. तिच्या घशाशी काही आलं. ती टोपली तिच्या वडिलांनी वळली होती, शाळेची पुस्तकं मावतील एवढी खोल. तिने कुणाला विचारलं नाही. ड्रेसची वरची दोन बटणं उघडली, गार पाणी मानेवर घेतलं आणि कामाला लागली. दुपारी मधली मुलगी धावत आली, म्हणाली, डॅटने (बाबांनी) तुझ्यासाठी ठेवलंय. अंगणात स्कूटर उभी होती, नवी, निळी. पुढे तिची टोपली. एक पट्टी तुटली होती तिथे त्याने तार गुंडाळून टोकं आत वळवली होती, हाताला लागू नयेत म्हणून."

व्हॅनवाली

तारेची टोकं आत वळवलेली. हो. हे असंच असतं त्यांचं. वाचून थोडा वेळ बसून राहिले.

दोन दुरुस्त्या. मोठ्या बायकांच्या ड्रेसला बटणं नसतात, ती लहान मुलींच्या कपड्यांना पाठीमागे असतात. तिने पुढच्या दोन टाचण्या काढल्या असं लिही, आणि त्या कुठे ठेवल्या तेही. माझ्या व्हॅनमधल्या बायका हात मोकळे हवे असले की ओठांत धरतात. तसं केलंस तर तिला त्या क्षणी बोलता येणार नाही, तुला तेच हवं आहे.

दुसरं म्हणजे, ती बाहेरच्या वसाहतीतून आली आहे, तेव्हा लग्नाआधी तिच्या मंडळीकडून 'ही बाप्तिस्मा झालेली, चांगल्या वर्तणुकीची' असं पत्र यावं लागेल. ते लाग्रेंजचा बिशप लिहील. पत्र पोस्टाने यायला किती दिवस लावायचे ते तू ठरव, पण त्या दिवसांत तिला त्याच्या अंगणातल्या पत्रपेटीपर्यंत रोज चालत जाऊ दे. पुढचं प्रकरण झालं की इथेच टाक.